शिकवण्याचेही दान
मुले, कला आणि मंडळीचे पुढारपण

शास्त्रपाठ : निर्गम ३१:१-११, ३५:२०-३६:७, १ इतिहास २५:१-८, नहेम्या १३:१०-१४



निर्गमाच्या पुस्तकातील निवासमंडपाचे अध्याय आपण बहुधा भराभर वाचून पुढे जातो. पडदे, आकडे, फळ्या, अडसर, खांब ह्यांच्या लांबलचक यादीत मन रमत नाही. भाषांतर करणाऱ्याला मात्र ती सवलत नसते. त्याला प्रत्येक शब्दापाशी थांबावेच लागते. असे थांबत गेले म्हणजे ३५ व्या अध्यायाच्या ३४ व्या वचनात एक लहानसा शब्द भेटतो. बसालेल आणि अहलियाब ह्या दोन कारागिरांना परमेश्वराने कौशल्य दिले, हे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. परंतु त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे की, दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धी त्याने त्यांच्या अंतःकरणात घातली. तेथे 'शिकवणे' ह्या अर्थाचा जो इब्री शब्द आहे, त्याच धातूपासून 'तोरा' हा शब्द झाला आहे. नियमशास्त्र शिकवणे आणि विणकाम, कोरीवकाम शिकवणे ह्या दोहोंसाठी शास्त्राला निराळ्या मुळाचा शब्द शोधावासा वाटला नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आपल्या मुलांना कला कोण शिकवणार, हा प्रश्न घेऊन आज आपण हे उतारे अभ्यासावयाचे आहेत. गळा, हात आणि नजर ही देणगी एकेका मुलाला जन्मतः मिळते. तिच्या शिक्षणाची सोय मात्र समाजाने करावी लागते. ती सोय न झाल्यास श्रीमंताचे मूल शिकवणीला जाते आणि गरिबाच्या मुलाची देणगी तशीच पडून राहते. ह्या दोन मुलांमधील अंतर मिटवणे हे पुढाऱ्यांचे काम आहे, असे शास्त्र आणि इतिहास दोन्ही आपल्याला सांगतात.

१. मोशेने काय केले?

मोशे स्वतः विणकर नव्हता, सोनारही नव्हता. तरी त्याच्यावाचून निवासमंडप उभा राहिला नसता. त्याने केलेली कामे नीट मोजून पाहा. त्याने कारागिरांची नावे सर्व लोकांसमोर उच्चारली (३५:३०). ज्यांच्या मनात काम करण्याची इच्छा होती अशा सर्वांना त्याने बोलावले (३६:२). लोकांनी आणलेली अर्पणे त्याने त्यांच्या हवाली केली. अर्पणे गरजेपेक्षा अधिक झाली तेव्हा आता पुरे, असे छावणीत कळवले (३६:६). आणि सोने, चांदी व पितळ किती लागले ह्याचा हिशेब अहरोनाचा पुत्र इथामार ह्याच्या देखरेखीखाली लिहून ठेवण्यात आला (३८:२१). नाव घेऊन बोलावणे, साधने पुरवणे आणि हिशेब ठेवणे ही तिन्ही कामे पुढाऱ्यांची आहेत. त्यांपैकी एकालाही सुरेल गळा किंवा कसलेला हात लागत नाही. "मला कलेतले काही कळत नाही," असे म्हणून वडीलवर्गाने बाजूला होण्याचे कारण नाही.

कोणाला बोलावले, हेही पाहण्यासारखे आहे. बसालेल यहूदा वंशातला, म्हणजे इस्राएलातील अग्रगण्य वंशातला. अहलियाब दान वंशातला; दान हा दासीचा मुलगा. अकराव्या शतकातील यहूदी भाष्यकार रशी ह्याने येथे असे दाखवून दिले आहे की, सर्वांत मोठ्या वंशातला आणि सर्वांत खालच्या समजल्या गेलेल्या वंशातला, असे दोघे ह्या कामात परमेश्वराने एका पंक्तीला बसवले. त्याच अध्यायात (३५:२५, २६) स्वतःच्या हातांनी सूत कातणाऱ्या कुशल स्त्रियांचाही उल्लेख आहे. हे सर्व लोक कालपरवापर्यंत मिसर देशात विटा थापणारे दास होते. पोट भरल्यावर कलेचा विचार करू, असे आपण म्हणतो. येथे तर रानात, तंबूत राहणाऱ्या लोकांना ते काम सांगितले आहे.

२. वासरू आणि मंडप

कित्येक भाविकांच्या मनात आणखी एक शंका असते. कला मनुष्याला देवापासून दूर नेते, मग ती मुलांना कशाला शिकवावी? ही शंका पोकळ नाही. बसालेलाला बोलावल्याची हकीकत ३१ व्या अध्यायात आहे आणि लगेच ३२ व्या अध्यायात सोन्याचे वासरू आहे. तेही कोणाच्या तरी हातांनीच घडवले गेले. परंतु त्यापुढे काय घडले? पापाचा न्याय झाला, वासरू जाळून त्याचे चूर्ण करण्यात आले; मात्र ३५ व्या अध्यायात परमेश्वराने कलेचे ते पाचारण मागे न घेता पुन्हा जाहीर करवले, आणि ह्या वेळी शिकवण्याच्या देणगीचा उल्लेख त्यात जोडलेला दिसतो. कलेचा दुरुपयोग झाला म्हणून कला बंद झाली नाही. तिचे शिक्षण अधिक नीट मार्गी लागले. मुलांच्या बाबतीतही हाच न्याय आहे. मंडळीने शिकवले नाही म्हणून मुले गाण्यावाचून आणि चित्रांवाचून राहत नाहीत. जे समोर येईल ते ती गुरूवाचून उचलतात, इतकेच.

३. दाविदाच्या काळचे गायनशिक्षण

आता १ इतिहासाच्या २५ व्या अध्यायाकडे वळू. आसाफ, हेमान आणि यदूथून ह्यांच्या हाताखाली गायनात तरबेज केलेल्या लोकांची संख्या २८८ दिली आहे. ही संख्या बारा-बारा जणांच्या चोवीस गटांची आहे. मूळ शब्दाचा भाव 'शिकवून तयार केलेले' असा आहे. ते केवळ हौशी नव्हते. पुढच्याच वचनात सेवेच्या पाळ्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्याचे सांगितले आहे आणि तेथे लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद ठेवला नाही. 'शिष्य' ह्यासाठी वापरलेला 'तल्मीद' हा शब्द संपूर्ण इब्री शास्त्रात ह्या एकाच ठिकाणी येतो. पुढे यहूदी परंपरेत हाच शब्द विद्यार्थ्यासाठी रूढ झाला. इब्री शास्त्रातला हा एकमेव 'विद्यार्थी' गायनाच्या वर्गात बसलेला आहे!

बाबेलातून परत आलेल्यांच्या यादीत दोनशे गाणारे पुरुष आणि स्त्रिया ह्यांची नोंद आहे (एज्रा २:६५). मंदिर पडले, देश गेला, तरी वंदास्थेतून ही विद्या जिवंत परत आली. ती कोणीतरी मुलांना शिकवीत राहिले असले पाहिजे, एरवी हे घडते ना.

परंतु ह्याच इतिहासाची एक दुःखद बाजूही आहे. नहेम्याच्या १३ व्या अध्यायात लेवी आणि गायक आपापल्या शेतांवर निघून गेल्याचे सांगितले आहे. त्यांची श्रद्धा आटली असे तेथे म्हटलेले नाही. त्यांचा ठरलेला वाटा त्यांना मिळाला नाही, म्हणून पोटासाठी त्यांना जावे लागले. नहेम्याने ह्याचा जाब गायकांना विचारला नाही, अधिकाऱ्यांना विचारला. मग त्याने गायकांना परत आणून त्यांच्या जागी उभे केले आणि विश्वासू माणसे कोठारांवर नेमली. मंडळीत गाणे शिकवणारा टिकत नाही अशी तक्रार जेथे असेल, तेथे हा उतारा वार्षिक सभेत वाचावा.

४. गोव्यातील चर्चशाळा

शास्त्रातील ही रीत आपल्या देशात कशी दिसली, ह्याची दोन उदाहरणे पाहू. पहिले गोव्याचे आहे. सोळाव्या शतकापासून तेथील धर्मग्रामांत चर्चला जोडून शाळा चालत आल्या. त्यांत मुलांना धर्मशिक्षणाबरोबर स्वरलिपी वाचून गाणे आणि व्हायोलिन वाजवणे शिकवले जाई. शिकवणाऱ्यास 'मेस्त' म्हणत. मिस्सेतील गायन, सणाचे संगीत, घरोघरी आणि क्रुसांपाशी होणाऱ्या लदीन ह्या सर्वांची तयारी तो करवून घेई. त्याचा भार एकेका पालकावर पडत नसे. तो चर्चच्या व्यवस्थेचा भाग होता. त्यामुळे ज्या घरात वाद्य विकत घेण्याची ऐपत नव्हती, त्या घरातील मूलही स्वरलिपी वाचू शके.

ह्याचे फळ साऱ्या भारताने चाखले. विसाव्या शतकात मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. संगीतकाराने गुणगुणलेली चाल स्वरलिपीत उतरवून तिचे वाद्यमेळात रूपांतर करण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ह्यांसारख्या गोमंतकीयांनी केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) ह्यांच्यापाशी प्यारेलाल शर्मा व्हायोलिन शिकले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' ह्या चित्रपटातील नायकाच्या नावातून शिष्याने गुरूचे ऋण मानले. चर्चशाळेच्या बाकावर सुरू झालेली विद्या अशी धर्माची आणि भाषेची सीमा ओलांडून गेली.

तथापि ह्या उदाहरणाकडे भाबडेपणाने पाहू नये. ही शाळा परकी सत्तेच्या छायेत वाढली. एका बाजूने मुलांच्या हाती व्हायोलिन देणाऱ्या त्याच व्यवस्थेत, १७३६ साली धर्मन्यायसभेच्या फर्मानाने लग्नसमारंभातील देशी वाद्ये आणि ओव्या ह्यांवर बंदी घातली गेली. गावच्या धर्मसंघांत जातिभेदही शिरलेला होता. पुढारी जेव्हा मुलांसाठी कलेचे एक दार उघडतात, तेव्हा त्यांच्या आजीचे गाणे दाराबाहेर राहिले काय, हे त्यांनी पाहिले पाहिजे. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या बाजूस कृष्णराव सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली आणि पुढे नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) देशी वळणाच्या भजनांना मंडळीत मान मिळवून दिला, त्याचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर अधिक कळते.

५. लाहोरचे विद्यालय

दुसरे उदाहरण ख्रिस्ती समाजाबाहेरचे आहे, पण आपण त्यापासून शिकण्यासारखे आहे. हिंदुस्थानी संगीत दीर्घकाळ घराण्यांच्या आणि राजदरबारांच्या आश्रयाने राहिले. उस्तादाचे मन वळवल्यावाचून आणि वर्षानुवर्षे त्याची सेवा केल्यावाचून सामान्य घरातील मुलाला विद्या मिळत नसे. कुलीन घरातील मुलींनी गाणे शिकणे तर कमीपणाचे मानीत. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी दारूकामाने अधू झाले. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी ते शिकले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. एखाद्या संस्थानिकाच्या मर्जीवर न राहता लोकवर्गणी आणि जलशांचे उत्पन्न ह्यांवर ते चालावे, अशी योजना होती. नेमलेला अभ्यासक्रम, छापील क्रमिक पुस्तके, ठरलेले वर्ग आणि परीक्षा ह्यांमुळे सर्वसामान्य मुलांना आणि मुलींना संगीताचे दार खुले झाले.

१९०८ साली मुंबईत ह्या विद्यालयाची शाखा निघाली. तेथील इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटले नाही आणि अखेर ती वास्तू हातची गेली. सारा भार एका माणसाच्या गळ्यावर आणि प्रवासावर होता, हे त्याचे एक मोठे कारण. १९३१ साली पलुस्कर वारले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले आणि गावोगावच्या संगीतवर्गांना समान अभ्यासक्रम व परीक्षा लाभल्या. आज लहान गावातील मूलही त्या परीक्षांना बसू शकते. एकटा तपस्वी वाट पाडतो, परंतु ती वाट मुलांच्या पायाखाली कायम राहावी म्हणून अनेकांची बांधील मंडळी लागते.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातही ह्याची साक्ष आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात अनाथ मुली आणि निराधार स्त्रियांच्या हाती विणकाम, छपाई अशी कामे दिली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर तेथील छापखान्यात ह्याच स्त्रियांच्या हातांनी अक्षरे जुळवून छापले गेले. दुष्काळातून वाचलेल्या मुलींना अक्षरजुळणीसारखी नाजूक कला येऊ शकेल, असे त्या काळी किती जणांना वाटले असते? रमाबाईंना वाटले आणि त्यांनी शिकवण्याची सोय केली.

६. आपल्या मंडळीत काय करता येईल?

महाराष्ट्राबाहेर इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील पुष्कळ मुलांना देवनागरी वाचणे जड जाते. त्यांच्यासाठी भजन हे आजीआजोबांच्या भाषेशी राहिलेले एक नाते आहे. पेटी आणि तबला वाजवणारे वृद्ध झाले आणि त्यांच्या शेजारी कोणी मूल बसले नाही, तर ते नाते एका पिढीत तुटेल. खेड्यातील आणि झोपडवस्तीतील मुलांचा प्रश्न ह्याहून साधा आणि कठीण आहे: रंग, कागद, वाद्य आणि शिकवणारा माणूस ह्यांपैकी त्यांच्यापाशी काहीच नसते.

म्हणून पाळक, वडीलवर्ग, महिला मंडळ आणि तरुण संघ ह्यांच्यापुढे पुढील गोष्टी ठेवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, यादी करा. मंडळीत आणि आसपासच्या वस्तीत मुले किती आणि शिकवू शकतील अशी माणसे किती, हे लिहून काढा. ढोलकी वाजवणारा रंगारी, भरतकाम जाणणारी आजी, निवृत्त चित्रकला शिक्षक, मातीकाम करणारा शेजारी ह्यांना घरी जाऊन, नाव घेऊन बोलवा. सूचनाफलकावरील आवाहनाने काम भागत नाही.

दुसरी, जागा आणि साधने मोकळी करा. मंदिराशेजारची खोली आठवड्यातील बहुतेक दिवस बंद असते. पेटी कुलपात असते, ती मुलांच्या हाती पडून बिघडेल ह्या भीतीने. पेटी दुरुस्त करता येते. दहाव्या वर्षी न शिकलेले मूल पुन्हा दहा वर्षांचे करता येत नाही. आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास, ह्याने आरंभ करावा.

तिसरी, शिकवणाऱ्याचे मानधन अंदाजपत्रकात घाला. सेवा म्हणून कोणी फुकट शिकवीत असेल तर देवाची स्तुती असो. परंतु रोजंदारी बुडवून येणाऱ्याकडून ती अपेक्षा धरू नये. नहेम्याच्या गायकांची आठवण ठेवावी. वर्गणी, खर्च आणि शिल्लक ह्यांचा हिशेब दर तिमाहीस मंडळीपुढे वाचावा.

चौथी, जागा कमी आणि मुले अधिक असतील तर चिठ्ठ्या टाका. मोठी देणगी देणाऱ्याच्या मुलास पहिली जागा मिळाली की गरीब पालक दुसऱ्या दिवशी येत नाहीत, आणि का आले नाहीत हेही सांगत नाहीत. मुली आणि अपंग मुले ह्यांना वगळले जात नाही ना, ह्यावर एका बाईंनी व एका वडिलांनी लक्ष ठेवावे. दृष्टी अधू झालेल्या मुलाने पुढे काय उभे केले, हे आपण नुकतेच पाहिले.

पाचवी, वर्ग सर्वांना खुला ठेवा. शेजारच्या इतर धर्मांच्या मुलांनाही घ्यावे आणि त्यांच्या शिकण्यामागे कोणतीही अट किंवा आमिष नसावे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी वर्गात नेहमी दोन प्रौढ माणसे असावीत, दार उघडे असावे आणि पालकांना केव्हाही येऊन बसता यावे.

सहावी गोष्ट शाळेसंबंधी आहे. मंडळीचा वर्ग शाळेची जागा घेऊ शकत नाही. तेथेही मुलांचा हक्क आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात असे म्हटले आहे की, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असल्यास कलाशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक असावा. शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशीही तरतूद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही कलेला अभ्यासाबाहेरची गोष्ट मानण्यास नकार दिला आहे. आपल्यातील किती पालक त्या समितीत बसतात? बसणाऱ्यांपैकी किती जण विचारतात की, चित्रकलेचा तास वेळापत्रकात आहे, पण तो घेतो कोण? हा प्रश्न सभ्यपणे, लेखी आणि पुनःपुन्हा विचारणे हेही मंडळीचे पुढारपण आहे.

७. समारोप

निर्गमाच्या शेवटी मोशेने सर्व काम पाहिले आणि लोकांना आशीर्वाद दिला (३९:४३). तो आशीर्वाद दोघा नामांकित कारागिरांपुरता नव्हता; कातणारे, विणणारे, शिकवणारे आणि शिकणारे सर्वच त्यात आले. आपल्या मंडळीतही आज कोणा मुलाच्या बोटांत ताल आहे, कोणा मुलीच्या नजरेत रंग आहे. ते मूल स्वतः होऊन वडीलवर्गाच्या सभेत अर्ज घेऊन येणार नाही. पुढाऱ्यांनी त्याच्याकडे जावयाचे आहे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. निर्गम ३५ व ३६ ह्या अध्यायांत मोशेने केलेली कामे लिहून काढा. त्यांपैकी कोणती आपल्या मंडळीत आज कोणीच करीत नाही?

२. नहेम्याने गायकांऐवजी अधिकाऱ्यांना जाब का विचारला? आपल्याकडील शिकवणारे कोणत्या कारणांनी निघून गेले?

३. आपल्या मंडळीत वाद्ये कोणाच्या ताब्यात आहेत? गेल्या वर्षभरात त्यांना किती मुलांचे हात लागले?

४. आपल्या आजीआजोबांचे कोणते गाणे, कोणती नक्षी किंवा कोणती कला आपल्या मुलांना अजून कोणी शिकवली नाही? ती शिकवू शकेल अशा एका व्यक्तीचे नाव लिहा आणि ह्या आठवड्यात तिला भेटा.